सिनेमातला पूल आणि खरा पूल



गेल्या हिवाळ्यात आमच्या विभागातील तीस-बत्तीस उपासक-उपासिका थायलंडच्या धम्मयात्रेला जाऊन आलो. तेथील विहार, तेथील भिक्खुसंघ, पहाटेची भिक्षाफेरी या गोष्टी आपल्या बहुतेकांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. आज लिहायचे आहे ते एका रेल्वेच्या पुलाविषयी. धम्मयात्रेत रेल्वेचा पूल कुठून आला, असे कुणी विचारील. तो आला आमच्या दादांमुळे.

दादा म्हणजे रुळांवर पस्तीस वर्षे राबून निवृत्त झालेले गृहस्थ. गँगमन म्हणून लागले, मुकादम होऊन बाहेर पडले. बँकॉकला आमचा एक दिवस मोकळा होता. महिला मंडळाचा कल बाजाराकडे, तरुण पोरांचा समुद्राकडे. दादा म्हणाले, "मला तो पूल बघायचाय. शिट्टीवाला."

कुणालाच काही कळेना. मग दादांनी ओठांचा चंबू करून ती चाल वाजवून दाखवली आणि आमच्यातल्या तीन-चार जुन्या मंडळींचे चेहरे एकदम खुलले. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईत सकाळच्या खेळाला, मॅटिनीला इंग्रजी सिनेमे लागत. भाषा कळो न कळो, गिरणीतली आणि गोदीतली पोरे जात. त्यातलाच हा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'. फाटक्या कपड्यांतले, अनवाणी कैदी शिट्टी वाजवत, पाय आपटत छावणीत येतात, तो प्रसंग ज्याने पाहिला तो विसरलेला नाही. दादा तेव्हा नुकतेच रेल्वेत लागले होते. रुळांवर काम करणाऱ्यांवरही सिनेमा निघतो याचेच त्यांना अप्रूप वाटले होते.

शेवटी मतदान झाले. अक्कांनी, म्हणजे दादांच्या धाकट्या बहिणीने, बाजाराचा पक्ष सोडून भावाच्या बाजूने हात वर केला आणि पुलाचा विजय झाला. बँकॉकच्या पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटरवर कांचनबुरी नावाचे गाव आहे. पहाटे बस ठरवून निघालो.

वाटेत सिनेमाची गोष्ट पोरांना सांगितली. १९५७ सालचा चित्रपट, दिग्दर्शक डेव्हिड लीन, सात ऑस्कर पारितोषिके मिळालेला. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने पकडलेल्या ब्रिटिश कैद्यांकडून जंगलातल्या नदीवर रेल्वेचा पूल बांधून घेतला जातो. त्यांचा कर्नल आधी अधिकाऱ्यांनी हमाली करायची नाही म्हणून हटून बसतो, आणि मग त्या पुलाच्या इतका प्रेमात पडतो की शत्रूसाठी उत्तम पूल बांधून देतो. शेवटी आपलेच कमांडो येऊन पूल उडवतात. पूल आणि त्यावरची आगगाडी नदीत कोसळते.

आता गंमत अशी की हा पूल थायलंडमध्ये नव्हताच! सिनेमा काढला श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, कितुलगला या गावी. आमच्यापैकी काहीजण श्रीलंकेच्या यात्रेत नुवारा एलियाहून कोलंबोकडे उतरताना तेथे चहाला थांबलो होतो. हिरवेगार डोंगर, खाली खडकांतून उसळणारी केलनी नदी. सिनेमासाठी या नदीवर लाकडी पूल खरोखरच उभारला होता, आणि तो खरोखरच सुरुंगाने उडवला. गाडीही खरीच होती. आज काठावर पायाचे काँक्रीट तेवढे राहिले आहे आणि त्या पाण्यात लोक रबरी होड्यांतून गटांगळ्या खायला येतात. हीच केलनी पुढे कोलंबोजवळ केलनिया महाविहाराशेजारून वाहते. तथागत लंकेत तिसऱ्यांदा आले ते तेथे, अशी सिंहली बौद्धांची श्रद्धा आहे. तेव्हा आम्ही केलनियाला वंदना केली, कितुलगलाला चहा प्यालो, आणि दोन्ही ठिकाणी एकच पाणी वाहते आहे हे आमच्या ध्यानातही आले नव्हते. ते या बसमध्ये बसून आले.

कांचनबुरीचा खरा पूल लोखंडी आहे. तीनशे मीटरहून जास्त लांब, काँक्रीटच्या खांबांवर काळ्या रंगाच्या कमानी. आजूबाजूला खाऊच्या गाड्या, टोप्या, पंखे, पुलाचे चित्र असलेले बनियन. पुलावर लोक फोटो काढत फिरतात आणि गाडीची शिट्टी झाली की कडेच्या सज्जांत सरकून उभे राहतात. गाडी बैलगाडीच्या चालीने येते. दादा पुलावर शिरले ते फोटोसाठी नव्हे. खाली वाकून स्लीपर पाहिले, फिशप्लेट पाहिल्या, एका ठिकाणी बुटाची टाच आपटून पाहिली. मग म्हणाले, "कमानी सारख्या नाहीत. मधल्या दोन वेगळ्या आहेत." बरोबर होते. गोल कमानी मूळच्या, जपान्यांनी जावा बेटावरून उचलून आणलेल्या. मधल्या दोन कोनदार आहेत, त्या युद्धानंतर बसवलेल्या. कारण १९४४-४५ मध्ये विमानांतून बॉम्ब टाकून पुलाचा तेवढा भाग पाडला होता. सिनेमातल्यासारखे कमांडो वगैरे कुणी आले नव्हते.

नदीच्या नावाचीही मौज ऐका. ज्या कादंबरीवरून सिनेमा निघाला, ती पिएर बूल या फ्रेंच लेखकाने १९५२ साली लिहिली. रेल्वे क्वाय नदीच्या काठाने जाते एवढे त्याला ठाऊक होते, म्हणून पूलही त्याच नदीवर असणार असे त्याने धरले. प्रत्यक्षात पूल होता मे क्लाँग नदीवर. सिनेमा जगभर चालला, पर्यटक येऊन क्वाय नदीवरचा पूल विचारू लागले आणि तसा पूलच नाही! मग १९६० मध्ये थाई सरकारने नदीच्या त्या भागाचे नावच बदलून 'ख्वे याई' करून टाकले. आणि आपण म्हणतो तसा 'क्वाय' हा उच्चार केला तर थाई भाषेत त्याचा अर्थ होतो म्हैस! आमच्या वाटाड्याने हे सांगितल्यावर अक्का दिवसभर 'म्हशीचा पूल' असेच म्हणत होत्या.

येथपर्यंत सगळे हसण्यावारी चालले होते. पुलापाशी वाटाड्या म्हणाला, "या रेल्वेच्या प्रत्येक स्लीपरमागे एक माणूस मेला आहे." हे वाक्य तो रोज म्हणत असणार. दादा थांबले. त्यांनी विचारले, लाइन किती किलोमीटरची? वाटाड्याने सांगितले, ४१५. मेले किती? तो म्हणाला, लाखावर. दादांनी बोटांवर हिशेब केला. "किलोमीटरला दीड हजार स्लीपर धरा. सहा लाखांवर झाले. म्हणजे एका स्लीपरला एक नाही, सहाला एक." मग जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "किलोमीटरमागे अडीचशे माणूस झाला. आमच्या गँगची बीट सहा किलोमीटरची. त्यात दीड हजार माणसं पुरली म्हणायची." त्यानंतर दादा पुलावर थांबले नाहीत.

आता हा सगळा प्रकार काय होता, ते नीट सांगितले पाहिजे.

१९४२ च्या सुरुवातीला जपानने सिंगापूर घेतले, मग ब्रह्मदेश घेतला. ब्रह्मदेशातल्या फौजेला आणि पुढे हिंदुस्थानवर चालून यायला दारूगोळा हवा. समुद्रमार्गाने पाणबुड्यांची भीती. म्हणून थायलंडमधील बान पाँगपासून ब्रह्मदेशातील थानब्यूझयातपर्यंत डोंगर, जंगल आणि नद्या ओलांडत रेल्वे टाकायची ठरली. १९४२ च्या मध्याला सुरुवात झाली, १७ ऑक्टोबर १९४३ रोजी दोन्हीकडची टोके जुळली. म्हणजे जेमतेम सव्वा वर्ष! पहार, फावडे, घमेले आणि माणसाचे खांदे एवढ्यावर. कड्याला चिकटून गेलेला लाकडी मार्ग असो की डोंगर फोडून काढलेला 'हेलफायर पास' असो, दगड फोडले ते घण आणि छिन्नीने. रात्रीही काम चाले. मशालींच्या उजेडात हाडांचे सापळे घण घालताना दिसत, म्हणून त्या खिंडीला कैद्यांनी नरकाच्या आगीचे नाव दिले.

कैदी होते सुमारे ६० हजार. ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन आणि थोडे अमेरिकन. त्यातले साडेबारा हजारांच्या आसपास मेले. मार खाऊन, उपासमारीने, हिवतापाने, कुजलेल्या जखमांनी, आणि १९४३ च्या पावसाळ्यात कॉलऱ्याने. सिनेमातला कर्नल खोटा आहे. खरे वरिष्ठ अधिकारी होते फिलिप टूझी. त्यांनी शत्रूसाठी उत्तम पूल बांधण्याचा ध्यास घेतला नव्हता. उलट त्यांच्या माणसांनी वाळवी गोळा करून लाकडी खांबांना लावली आणि काँक्रीट मुद्दाम कच्चे कालवले. सिनेमा आल्यावर जिवंत परतलेल्या कैद्यांना फार राग आला तो याचाच. पडद्यावर जे दिसले तेच जग खरे मानून बसले!

गावात युद्धस्मशान आहे. सुमारे सात हजार कबरी. हिरवळ इतकी नीट कापलेली की चप्पल घालून चालायला संकोच वाटावा. प्रत्येक कबरीवर धातूची पाटी. तिच्यावर नाव, पलटण, तारीख, वय. काहींवर आईबापांनी घातलेली एखादी ओळ. आमच्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने अक्कांना वये वाचून दाखवायला सुरुवात केली. बावीस. चोवीस. एकवीस. तेवीस. अक्का म्हणाल्या, "पुरे गं." आम्ही सर्वांनी उभ्याने त्रिशरण-पंचशील घेतले. कुठल्या धर्माचे, कुठल्या देशाचे, हा प्रश्न तेथे कुणाच्या मनात आला नाही.

मग दादांनी वाटाड्याला जो प्रश्न विचारला, त्यासाठी मी हे सारे लिहितो आहे. दादा म्हणाले, "इथं सात हजार आहेत. तू तर लाखावर सांगितलंस. बाकीचे कुठं आहेत?"

बाकीचे मजूर होते. मलायाच्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ, ब्रह्मदेशातले शेतकरी, जावा बेटावरचे, मलाय, चिनी. एकूण दोन लाखांच्या घरात किंवा त्याहूनही जास्त. त्यातले नव्वद हजारांच्या आसपास मेले असे मानतात. मानतात एवढेच, कारण मोजले कुणी नाही. कैद्यांतला पाचातला एक मेला. मजुरांत हे प्रमाण दोघांत एकाच्या जवळ जाते.

हा फरक का पडला? अक्का महापालिकेच्या दवाखान्यात आया होत्या. कॉलऱ्याचे वॉर्ड त्यांनी जवळून पाहिले आहेत. त्या म्हणाल्या, मीठ-पाणी पोटात राहिले तर माणूस उठतो, नाहीतर सकाळी आलेला संध्याकाळी जातो. कैद्यांकडे त्यांचे स्वतःचे लष्करी डॉक्टर होते. औषध नव्हते, पण विद्या होती. पाणी उकळून प्यायचे, ताट उकळत्या पाण्यात बुडवायचे, हा कडक नियम. बांबूच्या नळ्या आणि स्टेथोस्कोपच्या रबरी नळ्या जोडून त्यांनी मीठ-पाण्याचे सलाईन चढवले. कैद्यांना शिस्त होती, अधिकारी होते, त्यांच्या वतीने भांडणारे कुणीतरी होते. मजुरांकडे यातले काहीच नव्हते. कित्येकजण बायका-पोरांसह आले होते. कॉलरा आला की निरोगी लोक जंगलात पळत आणि आजारी जागेवर पडून राहत.

आणि दुसरी गोष्ट. कैद्यांनी आपल्या मेलेल्यांची नोंद ठेवली. जपान्यांची नजर चुकवून, सापडले तर मरेपर्यंत मार हे माहीत असून, कागदाच्या चिटोऱ्यांवर नावे लिहिली. कोण, कधी, कुठे पुरला. ते कागद युद्धानंतर उकरून काढले, म्हणून त्या हिरवळीवर आज पाट्या आहेत. मजुरांमध्ये लिहिणारा कोण होता? मळ्याच्या मुकादमाच्या वहीत त्यांचे नाव असेल नसेल. मळ्याचा गोरा मालक आधीच पळालेला किंवा कैदेत.

वाचकहो, मलायाच्या मळ्यांवर गेलेले हे तमिळ मजूर कोण होते, हे आपल्याला वेगळे सांगायला हवे काय? त्यांच्यात ज्यांना गावाने शिवून घेतले नाही अशा जातींचे लोक फार मोठ्या संख्येने होते. गावकीच्या जाचातून सुटावे, रोकड मजुरी मिळावी, म्हणून समुद्र ओलांडून गेले. आपल्याकडची माणसे गिरणीत आली, रेल्वेत आली, गोदीत आली, तशीच. तेथे त्यांना जपान्यांनी गाठले. चांगला पगार, तांदूळ आणि थोड्या महिन्यांत परत, अशी आमिषे दाखवली. ती पुरेनात तेव्हा धरून नेले. आणि त्या काळावरच्या पुस्तकांत एक हकीगत वाचायला मिळते ती अशी, की गावात फुकट सिनेमा जाहीर करायचा, लोक येऊन बसले की दारे बंद करायची आणि आतल्या धडधाकट माणसांना सरळ गाडीत भरायचे. मी हे बसमध्ये सांगितले तेव्हा दादा काही बोलले नाहीत. मॅटिनीच्या तिकिटाचे पैसे वाचवायला ते स्वतः दादर ते भायखळा पायी जात, हे मला माहीत होते.

या माणसांची गोष्ट त्या सात पारितोषिकांच्या सिनेमात नाही. कादंबरीकार बूल स्वतः युद्धापूर्वी मलायातल्या रबराच्या मळ्यावर इंजिनियर होता. हे लोक त्याने रोज पाहिले असणार. तरी गोष्ट सुचली ती कर्नलाची.

ज्या महिन्यांत ही रेल्वे रचली जात होती, त्याच महिन्यांत, जुलै १९४२ पासून, बाबासाहेब दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली आणि तिची दुसरी पलटण पुढे ब्रह्मदेशच्या मोहिमेत गेली. एकीकडे आपला माणूस मजूर कायद्याच्या मेजापाशी बसला होता आणि आपली पोरे वर्दीत उभी होती. दुसरीकडे समुद्रापलीकडे आपल्यासारखेच लोक, कायदा नाही, वर्दी नाही, नावही नाही, असे रुळांखाली जात होते. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा त्या रेल्वेचे ब्रह्मदेशाकडचे टोक गंजत पडून अवघी काही वर्षेच झाली होती.

कोरेगावच्या स्तंभापाशी आपण दर १ जानेवारीला जातो. कशासाठी जातो? तेथे नावे कोरलेली आहेत. शेवटी 'नाक' असलेली ती नावे लहान पोरांना बोट लावून दाखवता येतात. १९२७ साली बाबासाहेब तेथे गेले आणि ती अक्षरे पुन्हा बोलू लागली. दगडावर नाव असते तेव्हा शंभर वर्षांनी का होईना, कुणीतरी वाचणारा येतो.

कांचनबुरीत मजुरांसाठी काहीच नाही असे मात्र नाही. शोधावे लागते. पुलाजवळ १९४४ साली उभारलेला एक स्तंभ आहे. त्याच्यावर अनेक भाषांत मजकूर आहे, त्यात तमिळही आहे. हा स्तंभ कुणी उभारला? जपानी सैन्यानेच! ज्यांनी मारले त्यांनीच मेलेल्यांची पहिली पाटी लावली. याला काय म्हणावे मला अजून कळलेले नाही.

गावात नदीकाठी वाट चाय चुम्फोन नावाचा विहार आहे. तेथील प्रमुख भिक्खूंनी १९७७ साली विहाराच्या आवारातच युद्धसंग्रहालय सुरू केले. कैद्यांच्या झोपडीसारखी बांबूची लांब झोपडी, आत दोन्ही बाजूंना बांबूचे माचे, भिंतींवर छायाचित्रे आणि कैद्यांनी काढलेली चित्रे. भन्तेंनी विहारात हे उभारावे याचे आम्हाला मोठे समाधान वाटले. संग्रहालयाचे नाव 'जीथ'. जपान, इंग्लंड, अमेरिका-ऑस्ट्रेलिया, थायलंड, हॉलंड, या देशांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ते बनले आहे. आमच्या कॉलेजातल्या मुलीने फलकापुढे उभी राहून ती अक्षरे पाठ केली आणि म्हणाली, "यात बर्माचा बी नाही आणि मलायाचा एम नाही." भन्तेंचा हेतू निर्मळ, यात शंका नाही. पण पोरीचे बोलणेही खरेच होते.

जे आम्ही शोधत होतो ते सापडले युद्धस्मशानाच्या शेजारीच, चालत पाच मिनिटांवर. वाट थावोर्न वराराम हा व्हिएतनामी पद्धतीचा महायानी विहार आहे. त्याच्या आवारात एक स्तूप आहे आणि त्याच्याखाली रेल्वेवर मेलेल्या हजारो आशियाई मजुरांच्या अस्थी एकत्र ठेवल्या आहेत. नावे नाहीत. असणार कुठून? १९९० साली याच परिसरात उसाच्या शेतात खणताना शेकडो सांगाडे निघाले होते. आणि २०२३ साली मलेशियातल्या आणि थायलंडमधल्या तमिळ लोकांनी पुढाकार घेऊन या विहारात 'नडुकल' उभारला. नडुकल म्हणजे आपल्याकडच्या वीरगळासारखा दगड. युद्ध संपल्याला अठ्ठ्याहत्तर वर्षे झाल्यावर!

सगळे जग शेजारच्या हिरवळीवर फिरत होते. येथे आम्ही सोडून कुणी नव्हते. अक्कांनी पिशवीतून मेणबत्त्या काढल्या. सकाळी बँकॉकच्या विहारासाठी घेतलेली फुले उरली होती, ती वाहिली. बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदन झाले. एक तरुण थाई श्रामणेर दुरून पाहत होता, तोही येऊन हात जोडून उभा राहिला. पाली सूत्रांची चाल त्याची वेगळी, आमची वेगळी, पण शब्द तेच. त्याने आमच्यात आपला आवाज मिसळला.

एक गोष्ट येथे सांगायला हवी. ताकाशी नागासे हा जपानी दुभाषा या कांचनबुरीत छळछावणीत काम करीत होता. एरिक लोमॅक्स या ब्रिटिश कैद्याकडे चोरून बनवलेला रेडिओ सापडला, त्याचा अतोनात छळ झाला आणि छळ करणाऱ्यांचे प्रश्न इंग्रजीत विचारत होता तो हा नागासे. युद्धानंतर पश्चात्तापाने तो पुन्हा पुन्हा येथे येत राहिला आणि १९८६ मध्ये त्याने पुलाजवळ शांतीसाठी एक बौद्ध मंदिर बांधले. लोमॅक्स पन्नास वर्षे द्वेषाने जळत होता. १९९३ मध्ये दोघे याच पुलापाशी भेटले, म्हातारे झालेले, आणि शेवटी लोमॅक्सने त्याला क्षमा केली. त्यावर पुस्तक निघाले आणि २०१३ साली 'द रेल्वे मॅन' हा चित्रपटही. आमच्यापैकी काहींनी तो नंतर पाहिला, डोळे भरून आले. तरीही अक्कांनी विचारलेच, "त्या दोघांना एकमेकांचा पत्ता तरी सापडला. त्या तमिळ बायांनी कुणाला माफ करायचं, कुणाचं नाव घेऊन?" मी काय उत्तर देणार?

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. बँकॉकच्या थोनबुरी स्टेशनहून कांचनबुरीवरून नाम टोकपर्यंत साधी, लाकडी बाकांची गाडी जाते. दिवसातून मोजक्याच फेऱ्या, म्हणून वेळ आधी विचारून घ्यावी. नाम टोकच्या पुढचे रूळ केव्हाच काढून टाकले आहेत. हेलफायर पास त्याच्याही पुढे, कांचनबुरीहून सुमारे ऐंशी किलोमीटर. तेथे ऑस्ट्रेलियन सरकारने १९९८ मध्ये संग्रहालय उघडले, ते चांगले आहे. मात्र खिंडीत उतरायच्या पायऱ्या पुष्कळ, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. युद्धस्मशानाजवळ रेल्वेच्या इतिहासाचे आणखी एक संग्रहालय आहे, आकडे आणि नकाशे समजून घ्यायचे तर तेथे जावे. पुलाजवळ विहारातल्या संग्रहालयाच्याच नावाचा फलक लावलेले दुसरे खासगी संग्रहालय आहे, फसू नये. नोव्हेंबरअखेर पुलावर दिव्यांचा आणि आवाजांचा खेळ होतो, बॉम्ब पडतात, फटाके उडतात. आमची तारीख चुकली, आणि ते बरेच झाले असे मला वाटले. ब्रह्मदेशातल्या थानब्यूझयातलाही मोठे युद्धस्मशान आहे, पण २०२१ नंतर तिकडची परिस्थिती अशी आहे की कुटुंब घेऊन जाण्याचा सल्ला मी देणार नाही. आणि वाट थावोर्न वराराम हे नाव कागदावर लिहून घ्यावे. आमच्या वाटाड्याला ते माहीत होते, पण विचारल्याशिवाय त्याने सांगितले नव्हते.

दुपारी आम्ही कांचनबुरीहून गाडीत बसलो आणि बस पुढे पाठवून दिली. पुलावरून गाडी सावकाश गेली. तासाभराने थाम क्रासेचा तो लाकडी मार्ग आला. एका बाजूला कडा खिडकीला घासतो की काय इतका जवळ, दुसऱ्या बाजूला खाली नदी, आणि मधे लाकडाच्या तिकाटण्यांवर गाडी करकरत चाललेली. पोरे दारात लोंबकळून फोटो काढत होती. एकजण म्हणाला, "दादा, आता वाजवा ना ती शिट्टी." दादा खिडकीतून बाहेर पाहत होते. म्हणाले, "नको रे."

लाकडी मार्ग संपला तिथे रुळांच्या कडेला सहा-सात गँगमन उभे होते. गाडीला वाट द्यायला बाजूला झालेले, हातात पहारी, डोक्याला फडकी बांधलेली. दादांनी खिडकीतून हात बाहेर काढून वर केला. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने, मुकादमच असावा, पहार डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला.